पपीची किंमत आणि कुत्र्याचा खर्च

पुण्या-मुंबईत शित्झूचं पिल्लू घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो किमतीचा, आणि बऱ्याचदा शेवटचाही तोच असतो. उत्तर साधारण वीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत कुठलंही मिळतं. केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी, म्हणजे बाजारातले ‘पेपर’ असतील तर वरच्या टोकाला. आईबापांनी डॉग शोमध्ये बक्षिसं मिळवली असतील तर त्याच्याही वर. मग घासाघीस होते. ‘पेपर कशाला हवेत तुम्हाला, शोला थोडंच न्यायचंय’ असं म्हणून विकणारा पाच-दहा हजार उतरतो, आणि परतीच्या वाटेवर गाडीतल्या सगळ्यांना सौदा जिंकल्यासारखं वाटतं. मी पुढे जो हिशेब मांडणार आहे, त्यात ही रक्कम शंभरातले जेमतेम तीन रुपये भरते. उरलेले सत्त्याण्णव कुठे जाणार, ते त्या पिल्लाच्या अंगावरच लिहिलेलं असतं: लांब केसांत, चपट्या तोंडात आणि मोठ्या डोळ्यांत.

हे शरीर कुणासाठी घडलं, ते आधी पाहू. शित्झूचं मूळ तिबेटच्या बाजूला सांगतात, पण त्याला आजचं रूप आलं ते चीनच्या राजवाड्यात. सम्राज्ञी त्सशी हिच्या पदरी अशा कुत्र्यांचं मोठं कुटुंबच होतं. १९०८ साली ती वारली आणि राजवाड्यातली पैदास विस्कटली. १९३० मध्ये काही कुत्री इंग्लंडला पोचली, तिथून युरोप-अमेरिकेत पसरली, आणि १९६९ मध्ये अमेरिकन केनेल क्लबनं या जातीला मान्यता दिली. आजचे सगळे शित्झू अवघ्या चौदा कुत्र्यांचे वंशज आहेत, असं या जातीचा इतिहास लिहिणारे सांगतात. राखण, शिकार, मेंढ्या वळणं यांतलं कुठलंच काम त्याच्या वाट्याला नव्हतं. मांडीवर बसायचं आणि देखणं दिसायचं, एवढीच चाकरी. त्याची निगा राखायला दरबारी नोकरचाकर होते, त्यामुळे त्या निगेला किती वेळ आणि पैसा लागतो याचा विचार कुणी करायचं कारणच नव्हतं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हा दरबारी कुत्रा येतो तेव्हा नोकरचाकरांची सगळी कामं घरातल्या एका माणसावर पडतात, आणि ती त्याला जमेनाशी झाली की पैसे मोजून बाहेरून करून घ्यावी लागतात.

केसांपासून सुरुवात करू, कारण बिलं तिथूनच सुरू होतात. बहुतेक कुत्र्यांचा केस ठरावीक लांबीला पोचला की वाढायचा थांबतो, काही काळ तसाच राहतो आणि गळून पडतो. लॅब्रॅडॉरच्या घरात सोफ्यावर जे दिसतं ते हेच. शित्झूच्या केसाची वाढीची अवस्था फार लांबते, म्हणून तो आपल्या डोक्यावरच्या केसासारखा वाढतच राहतो. कुत्र्यांच्या केसांतली बरीचशी विविधता तीन जनुकांवरून ठरते, असं २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आलं: केसाची लांबी एफजीएफ ५ या जनुकाकडे, मिशा आणि दाट भुवया आरएसपीओ २ कडे आणि कुरळेपणा केआरटी ७१ कडे. म्हणजे शित्झूची मिशी आणि पायघोळ केस हा त्याचा स्वभावच आहे, त्याला सुट्टी नसते.

विकणारे सांगतात, ‘याचे केस गळत नाहीत.’ हे अर्धं खरं आहे. सुटलेला केस जमिनीवर फारसा पडत नाही, तो आतल्या मऊ थरात अडकून बसतो. तिथे त्याच्याभोवती दुसरे केस गुंडाळले जातात आणि दोन-तीन दिवसांत गाठ होते. कानामागे, काखेत, मांडीच्या आत आणि हार्नेसच्या पट्ट्याखाली या गाठी आधी होतात. वरून फणी फिरवली की कुत्रा गुळगुळीत दिसतो, पण खाली कातडीलगत जट तयार होत असते. त्यात अंघोळ घातली की जट आवळते. म्हणून आधी विंचरणं, मग पाणी, मग पूर्ण कोरडं करणं हा क्रम कधी उलटा करायचा नसतो. जट कातडी ओढून धरते, खाली पाणी साचतं, कातडी लाल होते, आणि ग्रूमरकडचं काम थेट दवाखान्यात जातं. पिल्लाचे केस जाऊन मोठेपणाचे केस येतात तो काळ, साधारण नऊ महिन्यांपासून वर्षापर्यंतचा, सगळ्यात त्रासाचा. नेमका याच सुमाराला घरच्यांचा पहिला उत्साह ओसरलेला असतो.

ग्रूमिंगचा दर शहरागणिक आणि दुकानागणिक बदलतो. अंघोळ, केस कापणं, नखं, कान, पंजाखालचे केस असं सगळं मिळून छोट्या कुत्र्याला हजार ते अडीच हजार रुपये पडतात. घरी येणारी ग्रूमिंग व्हॅन असेल तर थोडे जास्त. पाच आठवड्यांतून एकदा म्हटलं तर वर्षाला दहा खेपा, म्हणजे दीड हजाराच्या दरानं पंधरा हजार. जटा झालेल्या कुत्र्याला सोडवायचे वेगळे पैसे घेतात, आणि ते योग्यच आहे, कारण त्यात तास-दोन तास जातात. बऱ्याचदा ग्रूमर हात जोडतो आणि मशीननं सगळे केस उतरवतो. मग घरची मंडळी नाराज होतात. खरं तर केस आखूड ठेवणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे. आपल्याकडच्या हवेत जमिनीवर लोळणारे केस ठेवायचा हट्ट फक्त शोवाल्यांनी करावा. टेडी बेअर कट ठेवला तर रोजच्या विंचरण्याला वीस मिनिटांऐवजी दहा पुरतात, पण दहा लागतातच. स्टीलची फणी, पिनांचा ब्रश आणि कुत्र्यांचा शाम्पू एवढं घरात हवं. माणसांचा शाम्पू नको, कुत्र्याच्या कातडीचा सामू आपल्यापेक्षा वेगळा असतो.

केसांचा अजून एक खर्च पावसाळ्यात कळतो. आपल्याकडे जून ते ऑक्टोबर हवा ओली असते, केस मुळाशी वाळत नाहीत आणि बुरशी धरते. शिवाय गोचीड. आखूड केसांच्या कुत्र्यावरचा गोचीड हाताला लगेच लागतो, शित्झूच्या केसांत तो आठवडाभर सुखानं रक्त पितो. तपकिरी गोचिडांतून एर्लिकिया आणि बबेसिया हे आजार पसरतात. सगळेजण त्यांना मिळून ‘टिक फीव्हर’ म्हणतात. एर्लिकिया निघाला की रक्ततपासण्या आणि साधारण चार आठवडे डॉक्सीसायक्लिन. प्लेटलेट फार खाली गेल्या तर सलाइन, कधी रक्तसुद्धा. हे टाळायचं तर गोचिडांवरची गोळी नियमित द्यायची: महिन्याला एक किंवा तीन महिन्यांना एक, आणि ती वजनावर ठरते. खर्च महिन्याला पाचशे-सहाशेच्या घरात जातो. ही गोळी पावसाळ्यापुरती देऊन थांबणारे पुष्कळ भेटतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत गोचीड बाराही महिने असतात.

‘केस गळत नाहीत म्हणजे अ‍ॅलर्जी होत नाही’ हाही एक लाडका समज आहे. अ‍ॅलर्जी करणारी प्रथिनं कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असतात. घरात दम्याचं माणूस असेल तर पिल्लू आणण्याआधी त्यानं एखाद्या शित्झूवाल्या घरात दोन-तीन संध्याकाळी बसून पाहावं. याला पैसे पडत नाहीत.

आता तोंड. चपटं नाक गोंडस दिसतं, कारण त्यामुळे कुत्र्याचा चेहरा तान्ह्या बाळासारखा वाटतो. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग आला आणि चपट्या तोंडाची कुत्री मध्यमवर्गीय घरांत शिरली. शित्झू त्याच वाटेनं मागून आला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, म्हणजे तोंड आणि नाकातल्या ओलाव्यावरून हवा खेळवून, शरीर थंड करतो. नाक आखूड, नाकपुड्या चिंचोळ्या, टाळू लांब आणि घशात लोंबणारा, असं असेल तर ही यंत्रणाच अपुरी पडते. नागपूर, अकोला, जळगाव इथल्या उन्हाळ्यात हा कुत्रा दुपारी फिरवणं धोक्याचं आहे, आणि घरातही त्याला गारवा लागतो. एक टनाचा एसी तासाला पाऊण-एक युनिट खातो. रोज पाच तास म्हटलं आणि युनिटला दहा रुपये धरले, तर महिन्याला अकराशे ते पंधराशे रुपये त्या कुत्र्याच्या नावावर. माणसंही त्याच खोलीत बसतात म्हणून हा आकडा मी पुढच्या बेरजेत घेतलेला नाही, पण विदर्भातल्या वाचकानं घ्यावा. गळ्यात पट्टा न बांधता छातीवरचा हार्नेस वापरायचा, तेही या चपट्या तोंडामुळेच.

डोळे मोठे दिसतात, कारण खोबण उथळ आहे. आधाराला हाड कमी, त्यात नाकावरचे केस बुबुळाला घासतात. ओरखडा पडला की बुबुळावर व्रण होतो, आणि तो दोन दिवस दुर्लक्षिला तर डोळा जाऊ शकतो. मोठ्या कुत्र्यानं मानगूट धरून झटकलं किंवा जोराचा मार लागला, तर डोळा खोबणीबाहेर येण्याचा प्रकारही या जातीत होतो. डोळे कोरडे पडण्याचा आजार जडला तर थेंब आयुष्यभर घालावे लागतात. ‘डोळ्यांतून पाणी येतंय, येऊ दे, या जातीत येतंच’ हे वाक्य शित्झूवाल्यांच्या तोंडी फार असतं. डोळा मिचकावत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

दातांचं गणित तर शाळकरी मुलालाही पटेल. लॅब्रॅडॉरला ४२ दात, शित्झूलाही ४२. जबडा मात्र त्याच्या निम्म्याहून लहान. दात वाकडेतिकडे दाटीनं येतात, फटींत अन्न अडकतं, कीटण चढतं, हिरड्या सुजतात. दात साफ करायला भूल द्यावी लागते, आणि चपट्या तोंडाच्या कुत्र्याला भूल देणं जास्त जोखमीचं असल्यानं आधी रक्ततपासणी, सोबत देखरेख. खासगी दवाखान्यात सगळं मिळून पाच ते बारा हजार रुपये धरावेत. रोज ब्रश केलं तर ही वेळ दोन-तीन वर्षं लांबते. कुत्र्याचे दात घासणं हे मराठी घरात अजून विनोदाचं कारण आहे. बिल आल्यावर विनोद संपतो.

याशिवाय मूत्राशयातले खडे, गुडघ्याची वाटी सरकणं, मणक्यातली चकती सरकणं, जन्मजात मूत्रपिंडाचे दोष हे आजार या जातीत दिसतात. प्रत्येक शित्झूला हे सगळं होतं असं मुळीच नाही. पुष्कळ शित्झू बारा-चौदा वर्षं टुणटुणीत जगतात. पण एक शस्त्रक्रिया वीस-चाळीस हजारांच्या खाली क्वचितच आटपते, हे आधी माहीत असावं. पाळीव कुत्र्यांचा विमा आता भारतातल्या काही कंपन्या देतात. घेताना वयाची अट, प्रतीक्षाकाळ आणि जन्मजात आजार वगळणारं कलम वाचून घ्यावं, कारण शित्झूचे अर्धे आजार त्याच कलमात बसवता येतात. मला विचाराल तर महिन्याला दोन हजार रुपये वेगळ्या खात्यात टाकणं अधिक भरवशाचं. मुंबईकरांना परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय हे जुने आधार आहेत. महाविद्यालय १८८६ पासूनचं आहे. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सनं १६५ कोटी रुपये खर्चून छोट्या प्राण्यांचं मोठं रुग्णालय उघडलं. जिल्ह्याच्या गावी मात्र डोळ्यांचा किंवा मणक्याचा तज्ज्ञ मिळत नाही आणि बिलात पुण्या-मुंबईची गाडीही धरावी लागते.

खाण्यात फार काही नाही. पाच-सहा किलोच्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला चारशेच्या आसपास कॅलरी पुरतात, म्हणजे कोरडं खाद्य साधारण शंभर ग्रॅम. महिन्याला तीन किलो. चांगलं खाद्य किलोला सातशे ते नऊशे पडतं, त्यात १८ टक्के जीएसटी आला. (दवाखान्याच्या उपचारांवर जीएसटी नाही, तेवढीच सरकारची कृपा.) घरचं खाणं स्वस्त पडतं, पण नुसता दूध-भात किंवा वरण-भात घालून चालत नाही, प्रथिनं आणि कॅल्शियम डॉक्टरांना विचारून बसवावं लागतं. आणि आपल्या स्वयंपाकात कांदा-लसूण सगळीकडे असतो, तो कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडाला घातक आहेत. पूजेचा शिरा मायेनं भरवणाऱ्या आजींना हे घरातल्या धाकट्यांनी सांगायला हवं.

लशींचा खर्च पहिल्या वर्षी जास्त: एकत्रित लशीच्या तीन फेऱ्या, रेबीजची लस, जंताची औषधं, मिळून पाच-सहा हजार. नसबंदी सहा ते बारा हजार. जाळी, गादी, वाडगी, प्रवासाची पेटी यांत सहा-आठ हजार कसे जातात ते कळतही नाही. महापालिकेचा परवाना किरकोळ रकमेत होतो. सोसायटीनं लिफ्ट वापरायचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नयेत. भारतीय पशु कल्याण मंडळानं २०१५ मध्येच मार्गदर्शक सूचना काढून तसं करता येत नाही असं सांगितलं आहे.

सुट्ट्या महाग पडतात. गणपतीला कोकणात निघालं की कुत्र्याचं काय, हा प्रश्न जुलैपासूनच पडतो. रेल्वेत फर्स्ट एसीचा आख्खा कूपे आपल्या नावावर असेल तरच तो सोबत बसतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. त्या पेटीत चपट्या तोंडाचा कुत्रा मे महिन्यात टाकायची हिंमत कुणी करू नये. बऱ्याच विमान कंपन्या अशा जातींना सामानाच्या कप्प्यात घेतच नाहीत. बोर्डिंगचा दर दिवसाला सहाशे ते हजार. गणपती-दिवाळीत वाढतो, आणि तेव्हाच जागा नसते. वर्षाचे दहा दिवस धरले तरी आठ हजार.

आता बेरीज. खाद्य महिन्याला २,४००, ग्रूमिंग १,२५०, गोचिडांची गोळी ५५०, शाम्पू-पॅड-खाऊ ७००, वार्षिक लशी आणि साध्या तपासण्या वाटून ४००, बोर्डिंग वाटून ७००. सहा हजार झाले. आजारपणाच्या खात्यात दोन हजार, म्हणजे आठ. वर्षाला ९६,०००. तेरा वर्षांचं आयुष्य धरलं तर आजच्याच दरानं साडेबारा लाखांच्या जवळ. त्यात पिल्लाचे पस्तीस हजार आणि पहिल्या वर्षाचे वीस-बावीस हजार मिळवले की तेरा लाख. दर ठिकाणागणिक बदलतील, कुणाचं दहात भागेल, कुणाचे सोळा जातील. पपीच्या किमतीत कमी करून घेतलेले पाच हजार या बेरजेत दिसतसुद्धा नाहीत.

उलट ते पाच हजार वाचवताना जे सोडून दिलं, त्यानं ही बेरीज वाढू शकते. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार श्वानपैदास करणाऱ्याची राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, आणि विक्रीआधी मायक्रोचिप बसवलेली हवी. व्यावसायिक पैदाशीसाठी परदेशातून कुत्री आणण्यावर २०१६ पासून निर्बंध आहेत. मूळचीच चौदांतून आलेली जात, त्यात मोजक्या कुत्र्यांतून पुन्हा पुन्हा पिल्लं काढली गेली तर दोष साठत जाणार. म्हणून आईबापांचं नातं तपासायला ‘पेपर’ लागतात, शोसाठी नव्हे. ‘टीकप’ किंवा ‘इम्पीरियल’ शित्झू म्हणून दीडपट किमतीला विकलं जाणारं पिल्लू तर घेऊच नका. या जातीचं प्रमाणित वजन चार ते सात किलो आहे; त्याहून लहान म्हणजे अशक्त किंवा मुद्दाम खुजं केलेलं.

माझं मत असं: महिन्याला आठ हजार रुपये आणि रोज विंचरायला घरातल्या एका ठरलेल्या माणसाचा वेळ, या दोन्ही गोष्टी नसतील तर शित्झू आणू नये. फक्त कुत्र्याची संगत हवी असेल तर रस्त्यावरचं देशी पिल्लू घ्यावं. त्याचं नाक लांब आहे, केस आखूड आहेत आणि त्याला आपली हवा मानवते, त्यामुळे वरच्या यादीतल्या अर्ध्या ओळी त्याला लागूच होत नाहीत. शित्झूच हवा असेल तर आधी प्राणिमित्र संस्थांकडे चौकशी करा, हौस फिटल्यावर सोडून दिलेले मोठे शित्झू तिथे मिळतात. आणि पिल्लूच घ्यायचं ठरलं, तर टोकन देण्याआधी त्याच्या आईला पाहायचंय असं सांगा. तिचे डोळे, तिचा श्वास, तिची राहायची जागा बघा. आई दाखवायला कुणी खळखळ करत असेल, तर पिल्लू कितीही गोड असलं तरी पैसे खिशातच ठेवा आणि परत फिरा.